सुखद आवाज

मुलांनो, आपल्या शहरातील पाणचक्की तुम्ही पाहिलीच असेल. दूरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेले पाणी तेथे उंचावरून हौदात पडते. त्याच्या एकसारख्या आवाजात रस्त्यावरचा गोंगाट बुडून जातो व मन शांत होते.

काही आवाजांची मजा निराळीच! कुजबुज, कागदाची सळसळ, केसांतून फिरणारा कंगवा यांच्या आवाजाने काहींच्या डोक्यापासून मानेपर्यंत गोड झिणझिण्या येतात. या अनुभवाला २०१० साली ‘एएसएमआर’ हे नाव मिळाले. अशा लोकांच्या हृदयाचे ठोके त्या वेळी मिनिटाला सुमारे ३ने कमी होतात, असे इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांना २०१८ साली आढळले.

सर्वांनाच असे होत नाही. मला तर कुजबुजीचा रागच येतो. वर्गात ती रोजच ऐकतो ना! पाणचक्कीच्या हौदाजवळ मात्र माझे डोळे आपोआप मिटतात.