काला अंबच्या वाटेवरची एकादशी

पहाटे साडेचार

पानिपतात जूनमध्ये साडेपाचच्या आत उजाडतं आणि आठ वाजता भिंती तापायला लागतात. म्हणून निर्जला एकादशीचं काम अंधारातच सुरू करायचं. गच्चीवरच्या कुंड्यांतला गवती चहा मुळापासून चार बोटं वर कापते. पातीला हात लागला की सिट्रालचा लिंबासारखा वास सुटतो. हाच वास दुपारी पेल्यात उतरायला हवा. दिवसभराची खटपट त्यासाठीच.

ज्येष्ठ शुद्ध एकादशीला इकडे घराघरातल्या बायका पाण्याचा थेंबही न घेता उपास करतात आणि त्याच बायका रस्त्यावर उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला गार पाणी पाजतात. शीख बांधवांची छबीलही याच दिवसांत लागते. गुरू अर्जनदेव १६०६ साली लाहोरला उन्हाळ्याच्या तापात हुतात्मा झाले, त्यांच्या स्मरणार्थ. दोन्हीकडे बहुधा लाल सरबत असतं, दुधातलं किंवा पाण्यातलं. आमच्या गल्लीच्या मंडपात मात्र एक टाकी माझी असते: घरी केलेला, चहापत्ती नसलेला थंडगार चहा.

पाच

सहा लिटर पाणी स्टीलच्या पातेल्यात. अ‍ॅल्युमिनियम नको आणि कल्हई गेलेलं पितळ तर नकोच, कारण पुढे यात आंबट पडणार आहे. पाण्याला खळखळून उकळी आली की ठेचलेलं पाव किलो आलं आणि दोन मुठी बडीशेप घालून पाच मिनिटं उकळू द्यायचं. मग गॅस बंद. गवती चहाच्या गाठ मारलेल्या जुड्या आणि पुदिन्याची पानं गॅस बंद झाल्यावरच टाकायची आणि लगेच घट्ट झाकण ठेवायचं. सुगंधी तेलं वाफेबरोबर उडून जातात. घरभर दरवळ सुटला तर तेवढा पेल्यातून गेला म्हणायचा. दहा-बारा मिनिटं पुरेत. त्यापुढे पुदिना कडवट होतो.

पुष्कळ जणी यात ज्येष्ठमध, अश्वगंधा, असलं नसलं सगळं घालतात. मी घालत नाही. रस्त्यावर कोण पिणार आहे ते ठाऊक नसतं आणि ज्येष्ठमधानं रक्तदाब वाढू शकतो. तहानेसाठी द्यायच्या पेयात औषध मिसळू नये, असं माझं पक्कं मत आहे.

पावणेसहा

गाळून घेतलेलं पाणी निवतंय. पातेलं गार पाण्याच्या घमेल्यात ठेवायचं आणि घमेल्यातलं पाणी तापलं की बदलायचं. ओट्यावर तसंच ठेवलं तर कोमट राहून दुपारपर्यंत आंबेल. काचेच्या बरणीत पाणी आणि पानं भरून उन्हात ठेवायची पद्धत परदेशात रूढ आहे, पण त्यात पाणी जिवाणू मरण्याइतकं तापत नाही, उलट त्यांना वाढायला सोयीचं होतं. लोकांना पाजायचं पाणी उकळलेलंच हवं.

चहा बर्फ घालून पिण्याची चाल १९०४ च्या सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात लोकप्रिय झाली. हिंदुस्थानी चहाचा प्रचार करायला गेलेल्या रिचर्ड ब्लेकिन्डेन यांना त्या उकाड्यात गरम चहाला गिऱ्हाईक मिळेना, मग त्यांनी तो गार करून दिला. बर्फातला चहा त्याआधीही अमेरिकी घरांत होत होता, पण नाव झालं ते तिथं.

साडेसहा

रात्री भिजत घातलेली बिनमिठाची आमसुलं कुसकरते. ती कोकणातून येतात, नणंद पाठवते. हा रंग मला फार महत्त्वाचा वाटतो. इथल्या लोकांना या दिवशी लाल पेय हवं असतं. हिरवट-पिवळं पाणी दिलं की काढा समजून मागे सरतात. आमसुलाचा लाल रंग बाटलीतल्या रंगावाचून काम करतो. किलोभर साखरेचा पाक आणि दहा लिंबांचा रस आता, पाणी पूर्ण गार झाल्यावर. गरम पाण्यात लिंबू पिळलं की चव बिघडते.

शेवटी सैंधव, चार सपाट चहाचे चमचे. हे तयार झालेलं दाट पाणी, नंतर मिसळायचं आठ लिटर उकळून गार केलेलं पाणी आणि बर्फ मिळून वीसेक लिटर होतं, म्हणजे शंभर पेले. पेल्यामागे साखर दहा ग्रॅम. इकडच्या जिभेला हे फिकं वाटतं, पण अतिगोड पेयानं घटकाभरात पुन्हा घसा कोरडा पडतो.

मिठाशिवाय चालणार नाही. घामातून नुसतं पाणी जात नाही, क्षारही जातात, आणि आतड्यात मीठ आणि साखर एकमेकांच्या सोबतीनं शोषली जातात, त्यांच्यामागून पाणी. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर मीठ-साखरेचं पाणी पाजून कॉलराचे असंख्य रोगी वाचवले. माझा चहा म्हणजे ते औषध नव्हे. उन्हात राबणाऱ्याच्या पेल्यात चिमूटभर मीठ का हवं, एवढंच त्यातून घ्यायचं.

नऊ

टेम्पोत सामान चढतंय. फॅक्टरीतली बर्फाची लादी टाकीच्या बाहेर, टबात, मूठभर खडेमीठ टाकून. पेयात पडणारा बर्फ घरचा, उकळलेल्या पाण्याचा, डब्यांत दोन-तीन रात्री आधीपासून साठवलेला. मोठे डबे मुद्दाम, कारण मोठा तुकडा सावकाश वितळतो आणि पेय पाणचट होत नाही. तसंही दाट पाणी जरा जास्तच तिखट-आंबट ठेवलेलं असतं, बर्फाच्या हिशेबानं.

दहा

मंडप शहराबाहेर, काला अंबकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पानिपतच्या तिसऱ्या लढाईचं ते स्मारक शहरापासून आठेक किलोमीटरवर आहे: विटांचा स्तंभ, त्यावर लोखंडी दांडा, भोवती कठडा. तिथलं आंब्याचं झाड रक्तानं काळं पडलं, असं लोक सांगतात.

मी साताऱ्याकडची. या जागी पाण्याचा पेला हातात धरला की मला हटकून रसद आठवते. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून आला आणि दिल्लीची वाट तुटली. त्यानंतरचे दोन-अडीच महिने मराठ्यांच्या छावणीत धान्य संपत गेलं. डिसेंबरात रसद जमवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि उरलीसुरली आशाही मावळली. १४ जानेवारी १७६१ च्या पहाटे सैन्यानं साखरेचं पाणी पिऊन उपास सोडला आणि ते रणात उतरलं, असं वर्णन आहे. शाळेत आम्हाला शौर्य शिकवलं, इब्राहिमखान गारद्याच्या तोफा शिकवल्या. साखरेच्या पाण्याबद्दल कुणी थांबून बोललं नाही. उपाशी पोटी, तेवढ्यावर, दुपारपर्यंत माणसं लढली. मला तरी या लढाईतलं त्याहून मोठं काही सांगता येत नाही.

बारा ते दोन

गर्दी. ई-रिक्शावाले, भातलावणीचे मजूर, जुन्या कपड्यांचं सूत काढणाऱ्या गिरण्यांतले कामगार. त्यांच्या केसांत, भुवयांवर लोकरीचे तंतू चिकटलेले असतात. देशोदेशीचे टाकलेले कपडे या शहरात येतात, फाडले-पिंजले जातात आणि त्यांच्या घोंगड्या होतात. जूनमध्ये त्या शेडमध्ये आठ तास काढणाऱ्याला तहान म्हणजे काय, ते विचारू नये.

फेटेवाले एक ताऊ पेला उजेडाला धरून विचारतात, "यो के सै?"

"चाय सै ताऊ, ठंडी."

"चाय में दूध कोनी?" पण पितात, आणि पुन्हा पेला पुढे करतात. त्यांचं आडनाव ऐकून मी गाव विचारते. ते रोड समाजाचे निघतात. या समाजातले बरेच जण स्वतःला पानिपतानंतर इथंच राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात आणि १४ जानेवारीला काला अंबला आवर्जून येतात. मी साताऱ्याची, म्हटल्यावर ताऊ म्हणतात, "फेर तो तू म्हारी छोरी होई." इतिहासकारांचा वाद आपल्या जागी राहो. त्या क्षणी मला माहेरचं माणूस भेटलेलं असतं.

पुदिन्याची करामत याच वेळी कळते. बर्फ कमी पडला तरी पेला गारच वाटतो. मेंथॉल तोंडातल्या थंडी ओळखणाऱ्या ग्राहीला जागं करतं, तापमान उतरलेलं नसतानाही. या ग्राहीच्या शोधात वाटा असलेले डेव्हिड ज्युलियस २०२१ च्या नोबेलचे मानकरी झाले.

माझ्या शेजारी गल्लीतल्या भाभी पेले भरतायत. कालपासून त्यांच्या ओठाला पाणी नाही. "जरा सावलीत बसा," म्हटलं तर हसून पुढचा पेला भरतात.

चार

टाकी रिकामी. पेले स्टीलचे, म्हणून धुण्याचं काम मोठं. पण कागदी पेल्यांचा रस्ताभर कचरा कुणी पाहायचा? तळाशी राहिलेलं लिटरभर पाणी झाडाला. दिवसभर उघडझाक झालेलं पेय उद्यासाठी ठेवायचं नाही.

रात्री आठ

भाभी दारात. उद्या सकाळी पारणं, त्यांना ते याच चहानं फेडायचंय आणि चहा स्वतः करायचाय. सांगते: एक लिटरला सात-आठ पाती, मूठभर पुदिना, दीड इंच आलं, चमचाभर बडीशेप, तीन-चार आमसुलं, अर्धं लिंबू, चार मोठे चमचे साखर, पाव चमच्याहून कमी सैंधव. झाकण विसरायचं नाही. फ्रीजमध्ये ठेवलात तर दोन दिवसांत संपवायचा.

"आणि बर्फ?" त्या विचारतात.

"उद्या नको. रिकाम्या पोटी आधी माठातलं साधं पाणी प्या, मग हा, घोट घोट."