वर्गणी देशाची, वाचन संस्थांचे

२३ नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र विधानसभेचे निकाल लागले आणि पुढचे दहा-बारा दिवस दिल्लीतील मराठी माणसांच्या गप्पांना मुख्यमंत्रिपदाखेरीज दुसरा विषय उरला नाही. २५ तारखेला संसदेचे हिवाळी अधिवेशन सुरू झाले. त्याच दिवशी केंद्रीय मंत्रिमंडळाने सहा हजार कोटी रुपयांची एक योजना मंजूर केली. राजकीय गलबल्यात ती मागे पडली, यात नवल नाही. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ हे तिचे नाव. तीस प्रकाशकांची सुमारे १३ हजार संशोधनविषयक नियतकालिके ६,३०० सरकारी उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी उपलब्ध करून देणारी ही वर्गणी. लाभार्थी विद्यार्थी, अध्यापक व संशोधक मिळून १ कोटी ८० लाख. अंमलबजावणी गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या केंद्राकडे.

योजनेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तोपर्यंत निरनिराळ्या मंत्रालयांचे दहा ग्रंथालय-संघ आपापली वर्गणी स्वतंत्रपणे भरीत आणि प्रकाशक प्रत्येकाशी वेगळा सौदा करीत. आयआयटीच्या विद्यार्थ्याला जे एका कळीसरशी मिळे, ते जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी महाविद्यालयात कोणी परिचित पाठवील तेव्हाच मिळे. आता दोघांपुढे एकच कपाट आहे. वर्षाला दोन हजार कोटी म्हणजे प्रत्येक लाभार्थ्यामागे सुमारे अकराशे रुपये. घाऊक खरेदी म्हणून हा व्यवहार वाईट नाही.

प्रश्न आहे तो सरकार काय विकत घेत आहे, हा. संशोधकाचा पगार, प्रयोगशाळेचे वीजबिल, उपकरणे आणि प्रकल्पाचे अनुदान बहुतांशी सरकारी तिजोरीतून येते. निबंध तयार झाला की संशोधक करारावर सही करून त्याचा कॉपीराइट प्रकाशकाला देऊन टाकतो, मोबदला शून्य. तो निबंध तपासून देणारे परीक्षकही बहुधा सरकारी पगारावरचेच आणि तेही हे काम विनामूल्य करतात. मग तोच मजकूर वाचण्यासाठी सरकार पुन्हा पैसे मोजते. लेखापरीक्षणात एरवी एखाद्या खात्याने आपलीच वस्तू अशी परत विकत घेतली असती, तर त्यावर आक्षेपाचा परिच्छेद ठरलेला होता.

ही विसंगती सरकारच्या ध्यानात आलीच नव्हती, असे नाही. विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी डिसेंबर २०१४ मध्ये संयुक्त धोरण जाहीर केले. या विभागांच्या पैशातून झालेल्या संशोधनाचा निबंध स्वीकारला गेल्यावर दोन आठवड्यांत त्याची अंतिम हस्तलिखित प्रत संस्थेच्या खुल्या संग्रहात ठेवावी, असा त्याचा दंडक. प्रकाशकाने काही महिने थांबावयास सांगितले, तर तेवढे थांबून ती खुली करावी, ही सवलतही होती. कागद उत्तम होता. पण प्रत न ठेवणाऱ्याचा पुढचा हप्ता रोखला जाईल, अशी व्यवस्था उभी राहिली नाही आणि आपल्याकडे ज्या आदेशामागे हप्ता नसतो, त्याचे जे होते ते त्याचेही झाले. डिसेंबर २०२० मधील विज्ञान, तंत्रज्ञान व नवोपक्रम धोरणाच्या मसुद्यात तीच अपेक्षा नव्याने लिहावी लागली, ही त्याची अप्रत्यक्ष कबुलीच म्हणावयास हवी.

त्या मसुद्यात आणखी एक कल्पना होती. सरकारने प्रकाशकांशी एकत्रित वाटाघाटी करून देशातील प्रत्येक व्यक्तीला नियतकालिके वाचता यावीत, अशी तजवीज करावी. ‘एक राष्ट्र’ हे शब्द तिथून आले. चार वर्षांनी मंत्रिमंडळापुढे जे गेले, त्यात व्यक्तीच्या जागी संस्था आली, तीही सरकारी. खासगी महाविद्यालयांतील प्राध्यापक पहिल्या टप्प्याबाहेर राहिले. गावात दवाखाना चालवणारा डॉक्टर, निवृत्त शास्त्रज्ञ आणि स्वयंसेवी संस्थेचा कृषी सल्लागारही बाहेरच. इतकेच कशाला, साथीविषयीचा ताजा निबंध ज्याला पाहावयाचा आहे त्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याचे कार्यालयही या यादीच्या व्याख्येत बसत नाही. ते शिक्षण संस्था नव्हे आणि संशोधन संस्थाही नव्हे.

या मंडळींची आजवरची वाट कोणती होती, हे सर्वांना ठाऊक आहे. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान यांनी २०११ मध्ये सुरू केलेले ‘साय-हब’ भारतात अफाट वापरले गेले. एल्सव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी डिसेंबर २०२० मध्ये त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ते संकेतस्थळ बंद करण्याचा आदेश दिला. कायद्याच्या दृष्टीने हा शेवट अपेक्षितच होता. परंतु ज्या वर्षी संस्थांसाठी दिंडी दरवाजा उघडला, त्याच वर्षी बाकीच्यांची चोरवाटही बुजली, हा योग बोलका आहे.

वर्गणीखेरीज दुसरा मार्ग या देशाला अपरिचित नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने आपला खुला निबंधसंग्रह २००२ मध्येच उभारला. मुंबईच्या केईएम रुग्णालय व सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापकांनी १९५५ पासून चालवलेले ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ वाचकाकडून वा लेखकाकडून पैसे न घेता महाजालावर खुले झाले. त्या धर्तीवर अनेक भारतीय वैद्यकीय नियतकालिके जगापुढे आणणारी मुंबईची ‘मेडनो’ ही कंपनी २०११ मध्ये वोल्टर्स क्लुवर या बहुराष्ट्रीय प्रकाशकाने विकत घेतली. जे आपल्याकडे उभे राहते, त्याची किंमत प्रथम परक्याला कळते.

अमेरिकेने दुसरे टोक धरले. व्हाइट हाउसने ऑगस्ट २०२२ मध्ये संघराज्याच्या पैशातील संशोधन विनाविलंब खुले करण्याचे निर्देश दिले आणि तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १ जुलै २०२५ पासून ते लागू केले. अट आहे ती अनुदानातच. आपल्याकडे हे करू शकणारी संस्था आता आहे. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष खुद्द पंतप्रधान आहेत. अनुदानपत्रात एक ओळ घालण्यास नवा कायदा लागत नाही. प्रत जमा केल्याचा दाखला नसेल, तर उपयोगिता प्रमाणपत्र स्वीकारले जाणार नाही, एवढीच ती ओळ. अडचण आहे ती निराळी: वर्गणी उच्च शिक्षण विभागाची, २०१४ चे धोरण तंत्रज्ञान भवनाचे, आणि दोन्ही फायली एकाच टेबलावर आणण्याची जबाबदारी कोणाचीच नाही.

सध्याची तरतूद ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत आहे. त्यापूर्वी कित्येक महिने प्रकाशकांशी नव्या दराची बोलणी करावी लागतील. भारतीय निबंधांच्या प्रती तोवर आपल्याच संग्रहांत जमा असल्या, तर सरकारी अधिकाऱ्याला एखादे नियतकालिक सोडून देण्याची भाषा करता येईल. त्या नसल्या, तर १ कोटी ८० लाख वाचकांची सवय एवढीच गोष्ट समोरच्याला दिसेल आणि दर त्याच्याच हाती राहील.