कणा मोडला, पण दंड शाबूत आहेत

झाडावरून पडलेला, विहिरीत कोसळलेला किंवा ट्रॅक्टर उलटून खाली सापडलेला एखादा गडी तुमच्या पंचक्रोशीत नक्की असेल. पाठीचा कणा मोडला, आतला मज्जारज्जू दुखावला आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. दवाखान्यातून घरी आणला, पडवीत बाज टाकली. घरचे प्रेमाने जेवण हातात देतात, कूस बदलून देतात, 'तू काही करू नको, पडून राहा' म्हणतात. हे 'पडून राहा'च त्याच्या जिवावर बेततं, आणि त्याबद्दल आपल्याकडे कोणी फारसं बोलत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर सैन्यात जवान होते, मुष्टियुद्ध खेळायचे. 1965 च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, कण्याला इजा झाली आणि पाय गेले. पुढे उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले. पाण्यात अंग हलकं होतं, पायांचं ओझं जाणवत नाही, सगळं काम दंड नि खांदे करतात. 1972 साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. पॅरालिंपिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. प्रत्येकाने पदक आणावं म्हणून हे सांगत नाही. पाय गेलेल्या माणसाचं बाकीचं अंग किती कामाचं असतं, हे कळावं म्हणून सांगतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी असे बहुतेक रुग्ण दोन-तीन वर्षांतच जायचे. कणा मोडल्याने नव्हे, तर पाठीला पडलेल्या जखमा चिघळून आणि लघवीच्या विकाराने. इंग्लंडात स्टोक मॅंडेविलच्या इस्पितळात डॉ. लुडविग गुटमान यांनी 1944 पासून दर दोन तासांनी कूस बदलायची शिस्त लावली आणि जखमी सैनिकांना खाटेवरून उठवून खेळायला लावलं. 29 जुलै 1948 ला, लंडनचं ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, त्यांनी व्हीलचेअरवरच्या 16 जणांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. आजचं पॅरालिंपिक त्यातून उभं राहिलं. आपल्याकडे पुण्याजवळ खडकीला 1974 पासून लष्कराच्या जवानांसाठी असं पुनर्वसन केंद्र आहे. तिथेही खेळ हा उपचाराचाच भाग धरला जातो.

मालीश म्हणजे व्यायाम नव्हे

आपल्याकडे लुळ्या पायांना तेल चोळतात, शेक देतात. चोळण्याने सांध्यांना बरं वाटत असेल, पण त्याने दम वाढत नाही की हृदयाला काम मिळत नाही. शेक तर देऊच नका. पायाला कळत नाही, म्हणून चटका बसून कातडी सोलली तरी तो माणूस ओरडणार नाही. घरच्यांनी पाय हलवून सांधे मोकळे ठेवावेत, पण अलगद. वापर नसल्याने पायांची हाडं ठिसूळ होतात, जोर लावला तर मोडतात.

खरा व्यायाम त्याने स्वतः, शाबूत असलेल्या अंगाने करायचा. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी 2018 साली ठरवलेलं माप फार मोठं नाही. आठवड्यातून दोनदा किमान 20 मिनिटं दम लागेल असं काम, आणि दोनदाच ताकदीचा व्यायाम, एकेका स्नायूचे तीन-तीन फेर. हृदयविकार नि मधुमेह दूर ठेवायचा तर दम लागणारं काम 30 मिनिटं, आठवड्यातून तीनदा.

दम किती लागावा? बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही इतका. नाडीवर विसंबू नका. इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल तर नाडी हवी तेवढी वाढतच नाही.

याला यंत्रं लागत नाहीत. डांबरी सडकेवर सकाळी व्हीलचेअर रेटणं हा दमाचा व्यायाम झाला. सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला बांधून दोन्ही कोपरं मागे नेत ओढायची, हा ताकदीचा. ओढण्याचा व्यायाम मुद्दाम सांगतोय. व्हीलचेअर रेटून खांद्याचे पुढचे स्नायू आवळतात, मागचे दुबळे पडतात, मग खांदा दुखू लागतो. ज्याचे पाय गेले त्याचे खांदेच पाय असतात, ते गेले तर पुन्हा बाज.

बसून राहिल्याने ढुंगणावर जखम होते, तिलाही जपा. दर अर्ध्या तासाने पुढे किंवा बाजूला कलून भार काढायचा, तोही दोनेक मिनिटं. क्षणभर हातावर अंग उचलून भागत नाही, तेवढ्याने दबलेल्या कातडीत रक्त फिरत नाही.

उन्हात व्यायाम नको. इजेच्या खाली घाम नीट येत नाही, अंग तापतं. ओलं फडकं मानेवर ठेवा, पाणी जवळ ठेवा, आणि सुरू करण्याआधी लघवी करवून घ्या. इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल, आणि अचानक डोकं फुटेल असं दुखू लागलं, तोंड लाल होऊन घाम फुटला, तर समजा रक्तदाब भडकलाय. आडवं करू नका. ताठ बसवा, कपडे सैल करा, लघवीची नळी मुडपली आहे का बघा, आणि तडक दवाखाना गाठा.

हे सगळं कणा स्थिर झाल्यावर, डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टला दाखवूनच. मुंबईत हाजीअलीजवळ 1955 पासून केंद्र सरकारची अस्थिव्यंग पुनर्वसनाची संस्था आहे, तिथे दाखवता येतं.

आता सरपंच-ग्रामसेवकांसाठी

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. बऱ्याच ठिकाणी तो वर्षाअखेरीस थोडा थोडा वाटून टाकतात. वाटप झालं, फोटो निघाला, संपलं. त्यातून व्हीलचेअर, तिच्यावरची चांगली गादी घेता येते, उतार बांधता येतो. गादीच्या जागी हवेची गोल ट्यूब मात्र देऊ नका, तिने उलट कातडी दबते.

गावात तालीम असेल तर एकदा जाऊन दारात उभे राहा. जोतं दोन फूट उंच असेल तर उतार 24 फूट लांब लागतो, म्हणजे फुटाला 12 फूट. त्याहून खडा केला तर माणूस मागे कोसळतो. दार तीन फूट रुंद असावं. उतार काढायचा असेल तर ज्याच्यासाठी काढायचा त्याला आधी विचारा, तो कुठून येतो आणि कुठे अडतो ते. गवंड्याला मापं नंतर द्या.