जाजा वुरुंग राष्ट्राची पुनर्घटना : भूस्वत्वाचा करार आणि त्यानंतर

१. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागीं व्हिक्टोरिया नांवाचें घटक राज्य आहे. तेथें सोन्याच्या खाणींमुळें प्रसिद्धीस आलेल्या बेंडिगो शहराच्या आसमंतांत जाजा वुरुंग या मूळ रहिवाशांचा देश पसरलेला आहे. हे लोक स्वतःस 'राष्ट्र' म्हणवितात. सैन्य किंवा नाणें असा अर्थ येथें अभिप्रेत नाहीं. एक भूमि, एक भाषा, एक कुलपरंपरा आणि आपला कारभार आपण पाहण्याचा अधिकार, इतकाच त्या शब्दाचा आशय आहे. २०१३ सालीं व्हिक्टोरिया सरकाराशीं झालेल्या करारानें या राष्ट्राच्या पुनर्घटनेस कसें साह्य झालें व त्याबद्दल त्यांस काय सोडावें लागलें, हें प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे.

२. प्रथम पूर्वपीठिका. १८३६ सालीं मेजर मिचेल या भागांतून गेला व त्याच्या मागोमाग मेंढ्यांचे कळप घेऊन गोरे वसाहतवाले आले. मूळ रहिवाशांच्या 'संरक्षणा'साठीं सरकारनें नेमलेल्या एडवर्ड स्टोन पार्कर या अधिकाऱ्यानें १८४१ मध्यें हल्लींच्या फ्रँकलिनफोर्ड गांवीं ठाणें घातलें. परंतु १८४९ च्या अखेरीस ती व्यवस्थाच मोडण्यांत आली. १८५१ मध्यें सोनें सांपडलें आणि हजारों लोकांनीं ती भूमि खणून काढली. वरची माती खालीं व खालची वर झाली, म्हणून जाजा वुरुंग लोक आजहि तिला 'उलथलेला देश' म्हणतात. उरलेल्या लोकांपैकीं कित्येकांस १८६० नंतरच्या दशकांत दूरच्या कोरँडर्क येथील वसाहतींत हलविण्यांत आलें.

३. आतां कायद्याची बाजू. ऑस्ट्रेलियाची भूमि इंग्रज येण्यापूर्वीं कोणाच्याहि मालकीची नव्हती, हें गृहीत तत्त्व तेथील सर्वोच्च न्यायालयानें ३ जून १९९२ रोजीं माबो खटल्यांत नाकारलें व १९९३ मध्यें मूळ रहिवाशांच्या परंपरागत भूस्वत्वाचा कायदा झाला. मात्र वसाहत-सत्ता आल्यापासून आजतागायत आपले आचार व नियम अखंड चालू आहेत, हें दावेदारानें सिद्ध केलें पाहिजे, असें ठरलें. ज्यांस सरकारनेंच देशोधडीस लावलें त्यांजकडून अखंडत्वाचा पुरावा मागणें किती कठोर आहे, हें योर्टा योर्टा लोकांच्या खटल्यांत दिसून आलें. १९९८ मध्यें न्यायमूर्ति ओल्नी यांनीं तो दावा फेटाळला व २००२ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल कायम केला.

इतिहाससंशोधकानें या निकालाकडे विशेष लक्ष द्यावें. ओल्नी यांनीं हयात साक्षीदारांच्या तोंडच्या परंपरेपेक्षां एडवर्ड कर नामक वसाहतवाल्याच्या आठवणींस अधिक वजन दिलें. या करानें १८४० नंतरच्या दशकांत त्याच लोकांच्या भूमीवर आपले कळप चारले होते व ग्रंथ प्रसिद्ध केला तो १८८३ मध्यें, म्हणजे सुमारें चाळीस वर्षांनीं. कागद आहे एवढ्यावरूनच तो साक्षीहून श्रेष्ठ ठरत नाहीं. लिहिणाराचा हितसंबंध, काळाचें अंतर व त्यास काय दिसूं शकत होतें, हें तपासल्याशिवाय साधनाची किंमत ठरवितां येत नाहीं.

४. हा मार्ग खडतर ठरल्यामुळें व्हिक्टोरियानें २०१० मध्यें स्वतंत्र कायदा करून वाटाघाटीनें तडजोड करण्याची सोय केली. तदनुसार झालेला पहिला सर्वांगीण करार म्हणजे २८ मार्च २०१३ रोजीं सही झालेला जाजा वुरुंगांचा करार होय. तो त्याच वर्षीं ऑक्टोबरांत अमलांत आला. त्यांत त्यांस या देशाचे परंपरागत स्वामी म्हणून मान्यता मिळाली; कॅरिसब्रुक व फ्रँकलिनफोर्ड येथील दोन मिळकती पूर्ण मालकीनें मिळाल्या; सहा उद्यानें व राखीव क्षेत्रें यांचें स्वामित्व त्यांच्या नांवें झालें आणि ९६·५ लक्ष डॉलरांची तरतूद झाली. सुमारें २ लक्ष ६६ हजार हेक्टर सरकारी जमीन कराराच्या कक्षेंत येते. तिच्यावर सरकारास कांहीं करावयाचें असल्यास, कामाच्या स्वरूपाप्रमाणें कोठें नुसती सूचना, कोठें वाटाघाट, तर कोठें संमतीहि घ्यावी लागते.

५. यापुढें राष्ट्रघटनेचें काम सुरू झालें. ज्ञात पूर्वजांच्या वंशजांची महामंडळी हें त्याचें मुख्य साधन. तिनें २०१४ ते २०३४ या वीस वर्षांसाठीं 'धेलकुन्या जा', म्हणजे देश बरा करणें, या नांवाची योजना आंखली. सहा उद्यानांचा कारभार सरकारासह पाहण्यासाठीं जें मंडळ आहे, त्यांत बहुमत जाजा वुरुंगांचें असतें. 'जंडक' या त्यांच्या उद्योगसंस्थेमार्फत वनांची निगा राखली जाते. २०१७ मध्यें परंपरागत पद्धतीचें मंद, नियंत्रित अग्निकर्म सरकारी वनखात्याच्या सहकार्यानें पुनः सुरू झालें. बेंडिगोची नगरसंस्थाहि त्यांच्याशीं सल्लामसलत करून कामें करूं लागली. या सहकार्याचें मर्म असें कीं, पूर्वीं ज्यांस केवळ साह्याचे याचक समजत, ते आतां स्वामी या नात्यानें बैठकीस बसतात.

६. परंतु या लाभाची किंमतहि नमूद केली पाहिजे. न्यायालयांतील भूस्वत्वाचे दावे मागें घ्यावे लागले व पुढेंहि ते न करण्याचें मान्य करावें लागलें. सहा उद्यानांचें स्वामित्व मिळालें तें विकतां येत नाहीं आणि त्यांचा सार्वजनिक उपयोग पूर्ववत् चालू राहतो. खासगी मालकीच्या जमिनींस करार स्पर्श करीत नाहीं. भूगर्भांतील खनिजें सरकारचींच राहतात. सुपीक कुरणें व सोन्याचे पट्टे तर केव्हांच खासगी हातीं गेलेले होते. तेव्हां हा न्याय पूर्ण झाला असें म्हणवत नाहीं.

७. तथापि निष्कर्ष स्पष्ट आहे. खटल्याचा मार्ग भूतकाळाचें अखंडत्व मागतो. कराराचा मार्ग विद्यमान लोकसमुदायाची कार्यक्षमता वाढवितो. फ्रँकलिनफोर्ड येथें १८४१ मध्यें याच लोकांस परक्याच्या देखरेखीखालीं ठेविलें होतें. २०१३ नंतर तेथील भूमीचे मालक तेच झाले. पार्करनें त्या ठाण्यावर टिपून ठेविलेलीं कुळांचीं व माणसांचीं नांवें आज त्यांच्या वंशजांस आपला वंशक्रम जुळविण्याच्या कामीं येऊं शकतात. ज्या दफ्तरानें एकेकाळीं ताबेदारी नोंदविली, त्याच दफ्तराचा उपयोग स्वत्व सांगण्याकडे व्हावा, हें साधनांच्या योग्य चिकित्सेचेंच फळ होय.