वैर धरणाऱ्यांशी वागण्याची ख्रिस्ती रीत

त्रास देणाऱ्या, वैर धरणाऱ्या माणसाशी कसे वागावे, याविषयीची ख्रिस्ती शिकवण प्रामुख्याने दोन ठिकाणी येते. डोंगरावरील प्रवचनात येशू शत्रूवर प्रीती करायला आणि छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल तीच शिकवण रोजच्या व्यवहारात उतरवतो. वाईटाची फेड वाईटाने करू नये, आपल्याकडून होईल तितके सर्वांशी सलोख्याने राहावे, वैरी भुकेला असेल तर त्याला जेवू घालावे. या वागण्याच्या मुळाशी कृपेची कल्पना आहे. कृपा म्हणजे लायकी न पाहता मिळालेले प्रेम. देवाकडून ते ज्याला मिळाले, त्याने दुसऱ्यालाही लायकी न पाहता द्यावे, असा हा विचार आहे.

महाराष्ट्रात या शिकवणीची कठोर परीक्षा रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या घरातच झाली. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ साली जन्मलेल्या या ब्राह्मण कवीने १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. समाज खवळला, नातलग दुरावले. सर्वांत मोठा आघात पत्नी लक्ष्मीबाईंवर झाला. मुलगा दत्तू याला घेऊन त्या सुमारे पाच वर्षे नवऱ्यापासून दूर, नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. धर्मांतरामुळे पत्नी सोडून गेली, तर न्यायालयातून विवाह मोडून घेण्याची सोय १८६६ च्या कायद्याने धर्मांतरितांना दिली होती. टिळकांनी तो मार्ग धरला नाही. ते लक्ष्मीबाईंना पत्रे लिहीत राहिले, आणि नवा धर्मही त्यांनी सोडला नाही. पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरला आल्या, तेव्हा सुरुवातीला त्या आपले सोवळे-ओवळे पाळतच राहिल्या. टिळकांनी त्यांच्यावर धर्म लादला नाही. १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. हा सारा प्रवास त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिला आहे. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या जीवनावरील महाकाव्यही त्यांनीच पूर्ण केले.

टिळकांच्या आयुष्याचा शेवटचा टप्पा साताऱ्याशी जोडलेला आहे. १९१७ मध्ये मिशनची पगारी सेवा सोडून ते साताऱ्याला राहायला आले आणि तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना या बंधुमंडळात जागा होती. ज्या समाजाने त्यांना दूर लोटले, त्याच समाजातील माणसांना त्यांनी आपलेपणाने जवळ बोलावले. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले.

सातारा जिल्ह्यातच, खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी असलेल्या खंडाळा तालुक्यातील नायगाव हे सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव. सावित्रीबाई ख्रिस्ती नव्हत्या, पण विरोधकाला उत्तर देण्याची त्यांची पद्धत या विचाराला फार जवळची आहे. आजारपणामुळे त्या नायगावी माहेरी असताना १८५६ मध्ये त्यांनी पती जोतीरावांना पाठवलेल्या पत्रात भावाशी झालेल्या वादाची हकिगत आहे. महार-मांगांना शिकवता म्हणून भाऊ या दांपत्याला दोष देत होता. सावित्रीबाईंनी त्याच्याशी नाते तोडले नाही आणि आपले म्हणणेही सोडले नाही. जनावरांना माया लावणारा माणूस माणसालाच अस्पृश्य कसा मानतो, हे त्यांनी त्याच्यापुढे मांडले. ते ऐकून भावाला पश्चात्ताप झाला. १८६८ च्या पत्रातील प्रसंग याहून गंभीर आहे. ब्राह्मण तरुण आणि महार मुलगी यांच्या प्रेमसंबंधांवरून गावकरी दोघांचा जीव घ्यायला निघाले होते. सावित्रीबाई धावत तेथे गेल्या, इंग्रजी कायद्याने काय शिक्षा होईल याची जमावाला जाणीव करून दिली आणि दोघांना वाचवले.

या दुसऱ्या प्रसंगातून कृपेची मर्यादा नव्हे, तर तिचे बळ दिसते. दुबळ्याचा जीव धोक्यात असताना गप्प बसणे म्हणजे सोशिकपणा नव्हे. ख्रिस्ती शिकवणीतही अन्यायावर पांघरूण घालायला सांगितलेले नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात पायऱ्या दिल्या आहेत. दुखावणाऱ्याला आधी एकट्यात गाठून त्याची चूक सांगावी, त्याने ऐकले नाही तर एक-दोन माणसे सोबत न्यावीत, आणि तेवढ्याने भागले नाही तरच गोष्ट मंडळीपुढे न्यावी. चारचौघांत अपमान करण्याआधी माणसाला सावरण्याची संधी मिळावी, हा त्यामागचा हेतू आहे. घरातील मारहाण, धमक्या किंवा छळ यांत आधी सुरक्षित जागी जाणे आणि पोलिसांची मदत घेणे योग्यच आहे. मनातून सूड काढून टाकूनही तक्रार नोंदवता येते.

क्षमा आणि समेट यांतला फरकही ध्यानात ठेवावा लागतो. क्षमा एकट्याला करता येते. समेटाला मात्र दोन्ही बाजूंची तयारी लागते आणि ती केव्हा होईल हे कोणाच्या हाती नसते. टिळकांच्या घरात त्याला पाच वर्षे लागली. तोवर सूड टाळणे, आपल्या मतावर ठाम राहणे आणि बोलणे चालू ठेवणे, एवढे काम मात्र ज्याच्या त्याच्या हाती असते.