साखर उतरते ती पावडरीने नव्हे

मधुमेहींच्या घरात हल्ली गोळ्यांच्या शेजारी प्रोटीन पावडरीचा डबा दिसतो. पोळ्या तितक्याच, भाताची मूद तेवढीच, वर दुधातून दोन चमचे पावडर! वजन उतरणार कसं? प्रोटीनने पोट लवकर भरतं, वजन घटताना स्नायू कमी झिजतात, आधी उसळ किंवा अंडं खाऊन मग पोळी-भात घेतला तर जेवणानंतरची साखर कमी चढते. हे सारं खरं. पण प्रोटीनच्या ग्रॅममध्येही चार कॅलरी असतातच. ते पोळीच्या जागी हवं, पोळीच्या जोडीला नव्हे.

मुख्य काम करतं ते वजन घटणं. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत निदानाला सहा वर्षं न झालेल्या रुग्णांना तीन ते पाच महिने रोज सुमारे ८५० कॅलरी दिल्या. वर्षाअखेर ४६ टक्के जणांची साखर औषधांविना आटोक्यात होती; १५ किलो किंवा जास्त घटवणाऱ्यांत हे प्रमाण ८६ टक्के. यकृत आणि स्वादुपिंडातली चरबी उतरल्याचा हा परिणाम. मात्र दोन वर्षांनी ४६चे ३६ झाले, हेही सांगायला हवं.

“पण मी कुठे जाड आहे?” पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! म्हणून आपल्याकडे काट्याइतकाच कमरेचा घेर बघावा.

“रोज वरण खातो की!” वाटीभर घट्ट वरणात प्रोटीन जेमतेम सहा-सात ग्रॅम, पिष्ट त्याच्या दुपटीहून जास्त. साठ किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रोटीन लागतं. दही, अंडी, पनीर, सोयाबीन, बांगडा यांतून ते भागतं. महागडा डबा बहुतेकांना लागत नाही.

प्रोटीनने धडधाकट किडनी बिघडते, याला पुरावा नाही. पण मधुमेहात किडनी गाजावाजा न करता बिघडते. म्हणून प्रोटीन वाढवण्याआधी लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या.

आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवण परस्पर कमी करू नका. साखर एकदम खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांना सांगा, डोस बदलून घ्या, मगच पोळी कमी करा.