थराखाली राहिलेली की

सकाळी ६:३०. धानकापणीचे दिवस. वाघाच्या भीतीनं बाबा पूर्ण उजाडल्याशिवाय शेताकडे निघत नाहीत, तेही चारचौघांसोबत. ते गेले की मी लॅपटॉप उघडते. ग्राहक पुण्याचे, सर्व्हर मुंबईचे, मी इथं सावली गावात.

७:००. कंटेनर इमेज गिगाबाइटांच्या असतात. इथल्या नेटवर ओढत बसलं तर दुपार होईल. म्हणून इमेजमध्ये चुकून राहिलेल्या गुप्त की शोधणारे ट्रिव्ही आणि ट्रफलहॉग हे स्कॅनर मुंबईतच चालतात, माझ्याकडे फक्त अहवाल येतो. आज खोटे इशारे बरेच: लायब्ररीच्या चाचण्यांसाठी ठेवलेल्या की, ॲमेझॉनच्या माहितीपानातली नमुन्याची की. घाईनं चाळलं तर खरी की याच गर्दीत सुटते.

९:१५. एक खरी दिसते. ‘एकेआयए’नं सुरू होणारी वीस अक्षरं, शेजारी चाळीस अक्षरांची गुप्त की. सापडल्याची वेळ नोंदवते. अनधिकृत वापर झालेला दिसला तर २०२२च्या निर्देशांनुसार सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेला ६ तासांत कळवावं लागतं.

लगेच ग्राहकाच्या डेव्हलपरला फोन. “सर, आधी ती की बंद करा. इमेजचं नंतर बघू.”

“पण की असलेली फाइल तर काढली होती ना, मॅडम?”

काढली होती, पुढच्या ओळीत. पण डॉकरफाइलमध्ये फोल्डर कॉपी करणाऱ्या ओळीचा एक थर बनतो आणि फाइल पुसणाऱ्या ओळीचा दुसरा. भिंत नव्यानं सारवली तरी खालचं सारवण तिथंच असतं, तसा पहिला थर इमेजमध्ये शाबूत राहतो. इमेज मिळालेला कुणीही तो सुटा उघडू शकतो. आणि इमेज ठेवतात त्या रजिस्ट्रीतून ती उडवली तरी आधी कुणी उतरवून घेतलेल्या प्रती परत येत नाहीत. म्हणून की मारणं पहिलं.

“आमच्याकडेच असं होतं का?” त्याचा आवाज पडलेला. मी त्याला आखेन विद्यापीठाचा २०२३चा अभ्यास सांगते: ३,३७,१७१ इमेज तपासल्या, ८.५ टक्क्यांत गुपितं निघाली. कोडकोव्ह कंपनीचंही सांगते. इमेज बनवताना झालेल्या चुकीतून हल्लेखोरानं की काढली, तिच्या जोरावर त्यांची स्क्रिप्ट बदलली. ३१ जानेवारी २०२१पासून १ एप्रिलपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. हे पोरगं मेहनती आहे. त्याला दोष देऊन पुढची की लवकर सापडणार नाही, उलट लपवली जाईल.

११:००. वीज गेली. इन्व्हर्टरवर क्लाउडट्रेल या ॲमेझॉनच्या नोंदवहीतल्या ९० दिवसांच्या नोंदी वाचते. या कीनं केलेल्या सगळ्या विनंत्या ग्राहकाच्याच सर्व्हरवरून आलेल्या. मात्र क्लाउड साठवणीतली एखादी फाइल कुणी वाचली का, हे या नोंदींत येत नाही. ती नोंद वेगळी सुरू करावी लागते, आणि इथं ती बंदच होती.

दुपारी २:००. अहवाल. ‘गैरवापर झाला नाही’ असं लिहा, असा ग्राहकाचा आग्रह होतो. मी ‘उपलब्ध नोंदींत गैरवापर दिसला नाही’ एवढंच लिहिते आणि त्यावर ठाम राहते.

४:००. दुरुस्ती. डॉकरच्या बिल्डकिटमधल्या सीक्रेट माउंटनं गुपित बांधणीपुरतंच दिसतं, थरात उतरत नाही. सर्व्हरला कायमच्या कीऐवजी तात्पुरती ओळख देणारा रोल. नवी इमेज स्वच्छ निघाली. जुने टॅग अजून रजिस्ट्रीत आहेत. त्यांचा एकेक थर रात्रीच्या स्कॅनला लावून ठेवते.